तबकडी आपली, कुलूप परक्याचे

बाजारात पुरे दाम मोजून घेतलेली वस्तू घेणाराची होते, हा नियम इतका जुना व सर्वमान्य आहे की त्याविषयी शंका काढणारास लोक वेड्यात काढतील. तथापि चित्रपटाची ब्लू-रे नावाची तबकडी संगणकावर लावून पाहू इच्छिणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास ही शंका काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. आमच्या मते तो मूलतः नीतीचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती सांगतो. ही तबकडी २००६ साली बाजारात आली. ४०५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या जांभळट किरणाने ती वाचली जाते व तिच्या एकेका थरात २५ गिगाबाइट मजकूर मावतो. चित्राचा रेखीवपणा त्यामुळेच साधतो. परंतु वाचनाची पेटी संगणकास जोडली म्हणजे चित्र दिसेल, ही समजूत व्यर्थ होय. विंडोज प्रणालीत तशी उपजत सोय नाही. त्यासाठी निराळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. कारण तबकडीवरील मजकूर एएसीएस नामक सांकेतिक कुलपात बंद असतो आणि त्याची किल्ली परवानाधारकांपाशीच असते. एखादी किल्ली फुटल्याचे कळताच पुढील तबकड्यांपुरती ती रद्द करता येते. मग ज्याने सॉफ्टवेअर अद्ययावत केलेले नाही, त्याच्या घरी नवी तबकडी मुकी राहते. २०१६ साली आलेल्या अधिक रेखीव, ४के तबकड्यांची कथा तर विलक्षणच आहे. त्या संगणकावर रीतसर पाहण्यास इंटेलच्या प्रोसेसरातील एसजीएक्स नावाची संरक्षित कोठडी आवश्यक ठरवण्यात आली, आणि पुढे ह्या कंपनीने घरगुती प्रोसेसरांच्या नव्या पिढ्यांतून ती कोठडीच काढून टाकली. म्हणजे ज्याने अधिक नवा व अधिक वेगवान संगणक घेतला, तोच पूर्वी दिसणाऱ्या चित्रास मुकला!

आता विचारावयाचे ते असे की ही तबकडी कोणाची? आमच्या धर्मशास्त्रकारांनी स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा, फार सूक्ष्म विचार केला आहे. यथेष्ट विनियोगाची योग्यता हे स्वत्वाचे लक्षण मानले गेले, आणि मिताक्षराकार विज्ञानेश्वराने तर स्वत्व हे शास्त्रावरून नव्हे, लोकव्यवहारावरून ओळखावयाचे, असे प्रतिपादिले. ही कसोटी येथे लावून पाहावी. दुकानदार ‘विक्री’ म्हणतो, ग्राहक ‘खरेदी’ म्हणतो, पावतीवर किंमत लिहिलेली असते. लोकव्यवहारास ही विक्रीच दिसते. मागाहून बारीक अक्षरांत ‘हा केवळ पाहण्याचा परवाना आहे’ असे लिहिल्याने व्यवहाराचे स्वरूप पालटत नाही. परवानाच द्यावयाचा होता, तर पैसे घेण्यापूर्वी तसे मोठ्याने सांगावयास हवे होते.

ह्यावर निर्मात्यांच्या बाजूने जे म्हणतात, तेही टाकाऊ नाही. चित्रपटास शेकडो माणसांचे श्रम लागतात आणि त्याची नक्कल क्षणात होते. कुलूप नसेल तर चोर त्यांस बुडवतील. हे भय खरे आहे. परंतु येथे कांटने १७८५ साली पुस्तकांच्या चोरट्या पुनर्मुद्रणाविरुद्ध लिहिलेल्या निबंधातील विवेक उपयोगी पडेल. त्याच्या मते पुस्तक एका अंगाने घडवलेली वस्तू आहे, तर दुसऱ्या अंगाने ते ग्रंथकाराने लोकांशी केलेले भाषण आहे. प्रत ही वस्तू म्हणून विकत घेणाराची. पण ती पुनश्च छापून विकणे म्हणजे ग्रंथकाराच्या नावाने, त्याच्या संमतीवाचून बोलणे होय. हा विवेक मान्य केला की तबकडीची नक्कल करून वाटणारा अपराधी ठरतो, मग ती तो फुकट का वाटीना. पण तीच तबकडी आपल्या घरी, आपल्या यंत्रावर पाहणारा काय करतो? त्याला उद्देशून जे भाषण झाले आणि ज्याचे मोल त्याने दिले, ते तो केवळ ऐकतो. ऐकणे हा अपराध कसा व्हावा?

कायद्यांतही हा भेद कोठे पाळला, कोठे मोडला आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने, काही अपवाद सोडता, कुलूप मोडणे हेच निषिद्ध ठरवले. आमच्या २०१२ च्या दुरुस्तीने मात्र प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असेल तरच ते शिक्षापात्र मानले. नॉर्वेत डीव्हीडीचे कुलूप उघडल्याबद्दल योन योहान्सेन ह्या तरुणावर खटला झाला. २००३ साली दोन्ही न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरवले. कृतीपेक्षा हेतू पाहणारी दृष्टीच आम्हांस न्याय्य वाटते.

ह्या कुलपाची विसंगती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सत्यजित राय ह्यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह फिती १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या. मोठ्या कष्टाने त्यांचा जीर्णोद्धार झाला व २०१५ साली न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन संस्थेने त्यांच्या ब्लू-रे तबकड्या काढल्या. पण त्या तबकड्या ‘ए’ विभागाच्या, आणि भारत पडतो ‘सी’ विभागात! बंगालच्या खेड्याची कथा भारतीयाने दाम देऊन घ्यावी, आणि त्याच्या यंत्राने, तू अयोग्य भूखंडावर राहतोस, म्हणून ती दाखवण्याचे नाकारावे, ह्यात कोणत्या चोराचा बंदोबस्त झाला?

आमची मुख्य चिंता मात्र गैरसोयीची नाही. चोराला हे कुलूप अडवत नाही. त्याच्या हाती चित्रपट कुलूप निघालेलाच पडतो. अडतो तो रीतसर पैसे मोजणारा. ज्या घरात बाप मुलांस सांगतो की चोरीची नक्कल पाहू नये, त्याच घरात विकत आणलेली तबकडी चालत नाही आणि शेजारची चोरीची नक्कल बिनदिक्कत चालते, हे मुले पाहतात. अशा वेळी बापाच्या उपदेशाचे वजन किती राहील? नियम पाळणारासच शिक्षा होते असे एकदा मनावर ठसले, म्हणजे पुढे न्याय्य नियमांविषयीचा आदरही ढळतो. कुलूप घालणाराने हा तोटा हिशेबात धरलेला नाही.

तात्पर्य, प्रताधिकारास आमचा विरोध नाही; नक्कल वाटणे आम्ही चोरीच समजतो. परंतु विकणाराने विकल्यावर वस्तूवरचा हात काढावा, अथवा ती विकली असे म्हणू नये. आणि घेणारानेही आपल्या घरापुरते जे न्याय्य आहे, तेवढ्यावरच थांबावे. एका बाजूने ही मर्यादा पाळली गेली नाही, म्हणून दुसरीने ती सोडावी, असे आम्ही म्हणणार नाही. पण ती पाळण्याची अपेक्षा जो करतो, त्याने प्रथम आपली पाळावी, एवढे मात्र अवश्य म्हणू.