डाव आणि दगा

'तालीम' म्हणजे आपल्या घरात शिक्षण आणि मराठी गल्लीत कुस्तीची जागा. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हांला या एका शब्दाची नेहमी गंमत वाटे. मागच्या वर्षी याच शब्दाने आम्हांला पेचात टाकले.

तालमीत जाणाऱ्या सातवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत वर्गमित्रावर धोबीपछाड मारला, तोही फरशीवर. मित्राचा हात मोडला. जाब विचारला तर पोरगा ताठ मानेने म्हणाला, "सर, मारा नहीं, दाँव लगाया." आम्ही त्याच्या कानशिलात लगावली. उत्तर मात्र सुचले नाही.

कारण त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. कुस्तीत हूल देणे आलेच. पट काढण्याचा भास करायचा आणि समोरचा वाकला की मान धरायची. धोबीपछाडात तर समोरच्याचाच रेटा कामी येतो. तो पुढे झेपावला की त्याचा हात ओढून पाठ वळवायची, कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि धोबी दगडावर कपडा आपटतो तसे खांद्यावरून पाडायचे. कलाजंगात अख्खा गडी खांद्यांवर घेतात. पाडण्याआधी त्याचा भार आपल्या अंगावर घ्यावा लागतो, हे बघणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

मग हा दगा का नव्हे? कारण सलामी झालेली असते. हूल मिळणार हे दोघेही जाणून असतात. खाली हळद, ताक, लिंबू, तेल घालून मऊ केलेली तांबडी माती असते. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले, त्याची रचनाच अशी की हौदा सर्व बाजूंनी दिसावा. दगाबाजाला असा उजेड सोसत नाही. त्या मुलाच्या मित्राने ना सलामी दिली होती, ना खाली माती होती.

इतके सुचले तेव्हा बरे वाटले. पण लगेच बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतली हदीस आठवली. लोकांना पाडतो तो बलवान नव्हे, रागात स्वतःला आवरतो तो बलवान, हा तिचा आशय. दरवर्षी आम्ही ती वर्गात सांगतो. आमच्या थपडेला तरी कुठे सलामी होती? आणि पोरगा तर उलट हात उचलूच शकत नव्हता.

वर्गासमोर आम्ही त्याची माफी मागितली. त्याने मित्राची मागितली, जरा कुरकुरतच. स्टाफरूममध्ये अजून बोलतात, अशाने मास्तरांचा धाक राहत नाही.