दारावर आलेलं अनोळखी नाव

इथल्या घरांच्या दारालाच पत्रांसाठी फट असते. सकाळी पत्रं पायपुसण्यावर पडल्याचा आवाज येतो, आपण चहाचा कप हातात धरून ती चाळतो. बिल, पिझ्झाची जाहिरात, काउन्सिलचं काहीतरी. तुम्हालाही सवयीचं असेल. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यात एक पाकीट आलं. पत्ता आमचा, नाव भलत्याचंच. आडनाव मात्र थेट आपल्याकडचं, सांगली-कोल्हापूरकडे ढिगानं सापडेल असं.

तुम्ही काय केलं असतं? मी ते रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं. आधीच्या मालकाचं असेल, असं मनाशी म्हटलं. (रेडिंगच्या या घरात आम्ही अकरा वर्षं राहतोय आणि आधीचे मालक आयरिश होते, पण मनाला समजावताना असले तपशील आड येत नाहीत.) मग दुसरं आलं. मग आठवड्याला दोन-तीन. बँक, मोबाइल कंपनी, कर्ज देणारी कुणीतरी. दहा महिने मी ती डब्यात टाकत होते. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, हा एक संस्कार. नसत्या भानगडीत पडू नये, हा दुसरा. दोन्ही एकदम पाळायचे तर डब्यासारखी सोय नाही.

मार्चमध्ये आई सांगलीहून आली होती. आम्ही दोघं कामावर असताना एक माणूस दाराशी आला. छातीवर कॅमेरा, हातात कागद. कर्जवसुलीवाला. आईचं इंग्रजी जेमतेम. तो ते नाव पुन्हा पुन्हा विचारत होता आणि आई म्हणत होती, "नो, नो, माय डॉटर हाऊस." माणूस उद्धट नव्हता, कागद देऊन निघून गेला. पण मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. म्हणाली, "अगं, आपल्या घरात कोण राहतंय?"

कुणी राहत नव्हतं. पण हे सिद्ध कसं करायचं? आपल्या दर्शनांमध्ये हा जुना वाद आहे: जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? नैयायिक म्हणतात, ज्या डोळ्यांना जमीन दिसते त्यांनाच घड्याचं नसणंही कळतं. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, नाही, 'न आढळणं' हे ज्ञानाचं वेगळंच साधन मानायला हवं. वसुली कंपनीला दोन्ही पक्षांत रस नव्हता. तिला आमचं काउन्सिल टॅक्सचं बिल हवं होतं. तो इथे नाही, हे दाखवायला आम्ही इथे आहोत हे दाखवावं लागलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका, म्हणून थोडं सांगते. कर्ज माणसाच्या नावाला चिकटतं, विटांना नाही. पत्ताच काळ्या यादीत जातो, असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी ते खरं नाही. वसुलीवाल्याला घरात घेण्याची गरज नाही, कागद दाराबाहेरच दाखवावेत. आपला क्रेडिट रिपोर्ट फुकट मागवता येतो, तो बघावा. आपल्या पत्त्यावर कुणी कंपनी थाटली असेल तर तीही हलवता येते. इथे कंपनीनोंदणीचं कार्यालय बरीच वर्षं लिहून दिलेला पत्ता तसाच स्वीकारत असे. ४ मार्च २०२४ पासून कायदा कडक झाला, आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांना आपली ओळख पटवून देणं बंधनकारक झालंय.

आमचा प्रश्न तीन फोन आणि दोन पत्रांत सुटला. सुटला नाही तो आईचा. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "त्या पोरालाच कुणी फसवलं नसेल कशावरून?"

मी दहा महिने त्याला चोर धरून चालले होते. पण चोर आपलं खरं नाव कशाला देईल? पुष्कळदा पत्ता एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, असे दोन्ही चोरलेले असतात. म्हणजे बर्मिंगहॅममध्ये किंवा लेस्टरमध्ये कुणीतरी खरोखरीचा त्या नावाचा मुलगा असू शकतो, ज्याला आपल्या नावावर कर्ज निघाल्याचा पत्ताच नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयातून दाव्याचे कागद आले की साधारण चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं नाही तर निकाल एकतर्फी लागू शकतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो नोंदवहीत सहा वर्षं राहतो. मग घर भाड्यानं मिळत नाही, कर्ज मिळत नाही. त्या दहा महिन्यांतल्या पाकिटांत असा कागद होता का, मला ठाऊक नाही. मी पाकिटं नीट बघतही नव्हते.

करायचं होतं ते किती थोडं होतं. पाकिटावरचा पत्ता खोडायचा, 'या नावाचं इथे कुणी राहत नाही' असं लिहायचं आणि पेटीत टाकायचं. तिकीटसुद्धा लागत नाही. तुम्ही म्हणाल, हे माझं कर्तव्य कसं? मी काही त्या मुलाला ओळखत नाही, फसवणूक मी केली नाही. मीही असंच म्हणत होते. पण त्याच्या नावानं मारलेली हाक फक्त माझ्या दाराशी येत होती. ती पुढे गेली नाही, हे जाणणारी मी एकटीच होते.

आणि आता एक जरा अडचणीची गोष्ट. या प्रकरणाच्या आधी तीन वर्षं आमच्या एका मित्रानं मुलाच्या शाळेसाठी आमचा पत्ता मागितला होता. इथे चांगल्या शाळेच्या हद्दीत घर असणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही दिला. वर त्याच्या बायकोनं पुरणपोळ्या पाठवल्या, त्या खाल्ल्या. तो मुलगा आमच्या घरात एक रात्रही झोपलेला नाही.

तेव्हा ती मदत वाटली, आणि आता घडलं तो गुन्हा वाटला. फरक काय, तर तेव्हा मला विचारलं होतं. पण माझ्या परवानगीनं खोटं खरं होत नाही, फक्त मी त्यात सामील होते. ज्या मुलाची जागा गेली त्याला कुणी विचारलं नव्हतं. खोटा पत्ता उघड झाला तर शाळा दिलेली जागा काढून घेऊ शकते, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही हळू आवाजात बोललो होतो.

उलट २००४ मध्ये मी या देशात आले तेव्हा बँकेला पत्ता हवा आणि घरमालकाला बँकेचा कागद हवा, अशा पेचात सापडले होते. साउथॉलच्या एका बाईंनी स्वतःचा पत्ता दिला. पण मी तेव्हा त्यांच्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर झोपत होते. माझ्या नावानं कुणी दार वाजवलं असतं तर आतून ओ देणारं माणूस होतं. त्या बाईंचं आणि आमचं 'पत्ता देणं' एका मापात बसत नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळतंय, आणि तेही आईला कुणीतरी दारात घाबरवल्यावर.

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याच्या मित्राचा पुण्याहून मेसेज आला. सप्टेंबरात शिकायला येतोय, जागा ठरलेली नाही, "मावशी, बँकेसाठी तुमचा पत्ता टाकू का?" नवऱ्याचं म्हणणं, अजिबात नको, एकदा पुरे झालं. मला त्याचं चूक म्हणता येईना. दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. मग लिहिलं, "आधी राहायला ये. आलास की मग पत्ता टाक."

तो पाच आठवडे राहिला. दूध संपवून रिकामी बाटली फ्रिजमध्ये तशीच ठेवायचा. आई सांगलीहून फोनवर त्याची चौकशी करते, आणि दरवेळी त्या दुसऱ्या पोराचीही. "अजून येतात का गं त्याची पत्रं?"

येतात, कधीतरी. पेन दाराशीच ठेवलंय.