चॉकलेटवर पहिला हक्क कोणाचा?

१४ फेब्रुवारी हा घानाचा राष्ट्रीय चॉकलेट दिवस. व्हॅलेंटाइनच्या निमित्ताने जगभर चॉकलेटची मोठी देवघेव होते, तोच दिवस घानाच्या पर्यटन खात्याने या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम निवडला. त्या दिवशी भेट द्यायची ती तेमा शहरात तयार होणाऱ्या ‘गोल्डन ट्री’ची वडी, आपल्याच मातीतल्या कोकोची. वरवर पाहता ही सरकारी जाहिरात वाटेल. मला मात्र चॉकलेटच्या सगळ्या उत्सवांत हाच सर्वांत रास्त वाटतो.

त्याचं कारण चवीतच आहे. कोकोची ताजी बी चावली तर नुसती कडू-तुरट लागते, चॉकलेटचा मागमूसही नसतो. फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. कोयत्याने फोडलं की पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया दिसतात. घानाचा शेतकरी त्यांचा केळीच्या पानांवर ढीग घालतो, वरून पानांनीच झाकतो आणि मधूनमधून तो खालीवर करतो. गर आंबून पाणी होतो, निथळतो. ढीग आतून तापतो, शिरक्याचा उग्र दर्प सुटतो. पाच-सहा दिवसांत बी आतून तपकिरी होऊ लागते. पुढे भाजताना ज्यातून चॉकलेटचा सुगंध उमलतो, ती द्रव्यं तिच्यात याच काळात तयार होतात. मग चटयांवर ऊन द्यायचं. ढीग लवकर मोडला तर तुरटपणा राहतो, फार दिवस ठेवला तर कुजका वास लागतो. नेमकी वेळ ओळखायची ती हाताने आणि नाकाने.

स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये चॉकलेट तासन्‌तास घोटण्याची रीत काढली आणि त्याला आजचा मऊपणा आला. हे श्रेय त्यांचंच. पण शेतातल्या ढिगात जे घडलं नाही, ते कुठलंही यंत्र नंतर घडवू शकत नाही. त्याच १८७९ साली टेटे क्वार्शी या लोहाराने फर्नांडो पो बेटावरून आणलेल्या बिया मॅम्पाँगला रुजवल्याचं घाना मानतो. लिंट यांचं नाव जगभरच्या वेष्टनांवर आहे. क्वार्शींचं नाव घानाबाहेर किती जणांनी ऐकलं असेल?

१९११ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, कोको पिकवण्यात जगात पहिला झाला. हे पीक छोट्या शेतकऱ्यांनी उभं केलं होतं. युरोपीय कंपन्यांनी संगनमत करून भाव पाडला, तेव्हा १९३७-३८ मध्ये शेतकऱ्यांनी कोको विकायचंच थांबवलं आणि ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आपल्या मालाची किंमत ओळखणारी ही माणसं आहेत.

एका दिवसाच्या उत्सवाने काय साधणार, असं कोणी विचारेल. प्रश्न योग्यच आहे. घानाचा बराचसा कोको आजही कच्च्या बियांच्या रूपात बाहेर जातो. कोकोच्या शेतांतली बालमजुरी संपवण्याचा करार २००१ मध्ये झाला. ठरलेली मुदत उलटली, मुलं अजून शेतात आहेत. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या पुढे गेला, पण सरकारने आधीच ठरवलेल्या भावाने बांधलेल्या घानाच्या शेतकऱ्याला त्या तेजीचा फार थोडा वाटा मिळाला. तरीही आधी न्याय होऊ दे, मग आस्वाद, हा क्रम मला मान्य नाही. आपल्या बीचं काय होतं हे ज्याने जिभेवर अनुभवलंय, तो केवळ कच्च्या मालाचा पुरवठादार म्हणून समाधान मानणार नाही. आस्वाद हाही हक्काचाच भाग आहे.

आपल्यालाही ही गोष्ट फार परकी नाही. दक्षिण कन्नडमध्ये नारळी-पोफळीच्या बागांत कोको पिकतो आणि शेतकऱ्यांच्याच ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या महाराष्ट्राला याचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून चॉकलेट जरूर खावं, मनापासून खावं. खरं कोको बटर अंगाच्या उबेला वितळतं, त्यामुळे तुकडा न चावता जिभेवर ठेवून पाहा. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलं असेल तर बऱ्याचदा मागे मेणचटपणा राहतो. आणि विकत घेताना वेष्टन उलटून दोन गोष्टी वाचा: आत कोको बटर आहे का, आणि कोको कुठल्या शेतांतून आला हे लिहिलंय का. लिहिलं नसेल, तर कंपनीला विचारा.