शेजाऱ्याच्या ताटाचे पहारेकरी

सामान्य काळातील तेविसावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यहेज्केल 33:7-9, रोमकरांस 13:8-10, मत्तय 18:15-20



आजच्या पहिल्या वाचनात परमेश्वर यहेज्केल संदेष्ट्याला इस्राएल घराण्याचा पहारेकरी नेमतो. पहारेकऱ्याचे काम काय, हे त्याच अध्यायाच्या सुरुवातीला सांगितले आहे. तो उंचावर उभा राहतो, येणारे संकट पाहतो आणि शिंग फुंकून लोकांना सावध करतो. शिंग ऐकूनही कोणी सावध झाला नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा. पण पहारेकऱ्याने संकट पाहिले आणि तो गप्प बसला, तर गेलेल्या जिवाचा हिशेब परमेश्वर त्याच्याकडे मागतो.

हे वाचन आपण बहुधा पापाबद्दल समज देण्याच्या संदर्भात घेतो आणि ते बरोबरच आहे. पण आज मी तुम्हांला जरा वेगळ्या जागी, आपल्या स्वयंपाकघरात आणि सणाच्या स्टॉलवर नेणार आहे. त्याला कारण आहे आणि ते सांगताना मला माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा दिवस होता. मिस्सा झाली आणि पांढऱ्या कपड्यांतली मुले हॉलमध्ये नाश्त्यासाठी जमली. केक, कटलेट, चटणीचे सँडविच. गर्दीतून वाट काढत एक आई माझ्याजवळ आली. मुलाचा हात तिच्या हातात होता. तिने विचारले, ‘‘फादर, ह्या चटणीत शेंगदाणे आहेत का हो? ह्याला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत.’’ फोटोसाठी लोक मला हाका मारत होते. मी सँडविचकडे पाहिले आणि म्हणालो, ‘‘अहो, हिरवी चटणी आहे, कोथिंबिरीची. खाऊ द्या त्याला. आजच्या दिवशी काही होत नाही.’’

चटणी दाट व्हावी म्हणून तिच्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे वाटले होते. ती करणाऱ्या भगिनी माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांना विचारायला मला अर्धा मिनिट लागला असता.

थोड्याच वेळात त्या मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. एका धर्मग्रामस्थाने गाडी काढली. इस्पितळ जवळ होते, डॉक्टरांनी तत्काळ इंजेक्शन दिले आणि देवाच्या कृपेने मूल वाचले. संध्याकाळी मी भेटायला गेलो. आई माझ्यावर रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, ‘‘फादर, तुम्ही सांगितलंत म्हणून दिलं.’’

बंधू-भगिनींनो, ते वाक्य अजून माझा पाठलाग करते. त्या बाईने शिंग फुंकले होते. पहारेकरी मी होतो. मी खोटे बोललो असे कोणी म्हणणार नाही. पण जे मला माहीत नव्हते ते मी माहीत असल्यासारखे सांगितले. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

अ‍ॅलर्जी म्हणजे नखरे नव्हेत, हे आधी आपण समजून घेऊ. आपल्या शरीरात रोगांशी लढणारी एक यंत्रणा देवाने ठेवली आहे. काहींच्या बाबतीत ती यंत्रणा साध्या अन्नालाच शत्रू समजते. शेंगदाणा, दूध, अंडे, कोलंबी, मासे, काजू, तीळ, गहू यांपैकी काहीही त्यांना बाधू शकते. बाधा कधी नुसती खाज सुटण्यापुरती असते, तर कधी घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम खाली जातो आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. शिजवल्याने किंवा तळल्याने शेंगदाण्याचा हा धोका जात नाही. ‘थोडंसं खाल्ल्याने काय होतं’ हे तर मुळीच खरे नाही. काहींना चमच्याला लागलेला अंशही पुरतो. असा त्रास सुरू झाला तर घरगुती उपाय करीत बसू नये. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते, म्हणून तडक इस्पितळ गाठावे.

परदेशातली एक घटना सांगतो. 17 जुलै 2016 रोजी नताशा एडनान-लापरूझ ही 15 वर्षांची मुलगी वडिलांबरोबर लंडनहून फ्रान्सला निघाली होती. हिथ्रो विमानतळावर तिने पावाचे एक सँडविच घेतले. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती, म्हणून बापलेकीने वेष्टनावरची माहिती नीट वाचली. तिळाचा उल्लेख कुठेच नव्हता. तीळ पावाच्या कणकेतच मळलेले होते, डोळ्यांना दिसत नव्हते. विमानात तिला त्रास सुरू झाला. वडिलांनी जवळची दोन्ही इंजेक्शने दिली, तरी ती त्याच दिवशी गेली. दुकानाने तेव्हाचा कायदा मोडला नव्हता, हे यातले सर्वांत मोठे दुःख. दुकानातच बनवून तिथेच बांधलेल्या पदार्थावर सर्व घटक छापण्याची तेव्हा सक्ती नव्हती. आईवडिलांनी आपले दुःख इतरांच्या मुलांसाठी कामी लावले आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनमध्ये ‘नताशाचा कायदा’ लागू झाला. आता अशा प्रत्येक पाकिटावर सगळे घटक लिहावे लागतात आणि अ‍ॅलर्जी आणणारे 14 प्रकारचे घटक त्यात ठळक दाखवावे लागतात.

आपल्या देशातही नियम आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 सालच्या नियमांनुसार बंद पाकिटातल्या पदार्थावर असे घटक जाहीर करावे लागतात. ग्लुटेन असलेली गव्हासारखी धान्ये, कोलंबी-खेकड्यांसारखे कवचाचे प्राणी, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, दूध आणि ठरावीक प्रमाणात सल्फाइट, अशी ती यादी आहे. दहा किंवा त्यांहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाही ही माहिती ग्राहकाला द्यावी लागते. पण आपल्या नाक्यावरचा वडापाववाला, लग्नाच्या जेवणाचा केटरर, नाताळात घरी केक करून विकणारी भगिनी, सणाच्या दिवशी आवारात लागणारे स्टॉल यांच्याकडे मेनूवर तसे लिहा म्हणून कोणी पाहायला येत नाही. तिथे कायद्याची जागा सद्‌सद्विवेकबुद्धीला घ्यावी लागते.

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल नेमके हेच सांगतो. सगळ्या आज्ञा त्याने एका प्रीतीत गोळा केल्या आहेत आणि प्रीतीची खूण अगदी साधी सांगितली आहे : तिच्या हातून शेजाऱ्याचे वाईट होत नाही. कायदा कुठे संपतो हे प्रीती पाहत नाही. शेजारी कुठे बसला आहे ते ती पाहते.

याच संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात जेवणाचाच प्रश्न हाताळला आहे. मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही, असा तो वाद होता. पौलाच्या मते त्या मांसात काही दोष नव्हता, तो स्वतः ते खाऊ शकत होता. तरीही आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या भावाला ठेच लागत असेल, तर आपण आयुष्यभर मांस वर्ज्य करू, असे तो म्हणतो. तिथे भावाच्या श्रद्धेचा प्रश्न होता, इथे शेजाऱ्याच्या देहाचा आहे. पण रीत तीच. माझे बरोबर आहे की नाही एवढ्यावर थांबायचे नाही. माझ्यामुळे समोरच्याचे काय होईल, हे विचारायचे.

आता आपल्या घरात पाहू. आपण बाटल्यांत भरून ठेवतो त्या मसाल्यात मिरची-धण्यांबरोबर तीळ असतात, मोहरी असते, काही घरी गहू आणि हरभरेही भाजून घालतात. आपल्याला ते पाठ असते, म्हणून आपण ते सांगत नाही. पाहुण्याला काय ठाऊक? बाजारच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते. चायनीज पदार्थांत पडणारा सोया सॉस बहुधा सोयाबीन आणि गहू मिळूनच होतो. नाताळच्या मार्झिपानमध्ये काजू किंवा बदाम असतात. भाजीत, कोशिंबिरीत दाण्याचे कूट असते. ज्या तेलात कोलंबी तळली त्याच तेलात बटाट्याची भजी तळली, तर भजी दिसायला शाकाहारी असली तरी कोलंबी न चालणाऱ्याला ती बाधू शकते. ज्या सुरीने अक्रोडाचा केक कापला, तीच साध्या केकमध्ये फिरवली, तरी तेच.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहण्याची सवय आता सगळ्यांना झाली आहे. शेजाऱ्याच्या आहारनियमाचा मान राखला पाहिजे, हे आपण मान्य केले. मग त्याच्या श्वासाचा मान राखायला आपल्याला जड का जावे?

काही भगिनी मला म्हणतील, ‘‘फादर, असं सगळं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरून जाईल. आमचं पोट त्यावर आहे.’’ तुमच्या कष्टांची मला जाणीव आहे. बचत गटाच्या चार पैशांवर कोणाची फी भरली जाते, कोणाचे औषध येते, हे मी जवळून पाहतो. पण ज्या आईला मूल जपायचे आहे, ती कोणाकडून घेईल? ‘काही नाही हो त्यात’ म्हणणारीकडून की ‘ताई, ह्यात काजू आहेत, पण ह्या डब्यातल्या नानकटाईत नाहीत, फक्त मैदा आणि तूप आहे’ असे सांगणारीकडून? खरे सांगणारीकडे ती पुन्हा येईल आणि शेजारणीलाही घेऊन येईल.

उलट बाजूनेही एक सांगतो. ‘आमच्या पदार्थांत काहीही असू शकते, ग्राहकाने स्वतः काळजी घ्यावी’ अशी पाटी लावून मोकळे होणारेही आहेत. दिवसभर शिंग फुंकत बसणाऱ्या पहारेकऱ्याचा गावाला काय उपयोग? संकट कुठून येते आहे, ते त्याने सांगायला हवे. स्वतःची मान सोडवण्यासाठी दिलेला इशारा वेगळा आणि दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून दिलेला इशारा वेगळा. परमेश्वराला दुसरा हवा आहे.

आणि प्रभूच्या मेजाचे काय? आपल्यांत अशी माणसे असू शकतात, ज्यांना गव्हातले ग्लुटेन चालत नाही. सीलिअ‍ॅक या आजारात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे, पण पथ्य तितकेच कडक. मागे एक भगिनी कित्येक महिने ख्रिस्तप्रसादाला येत नव्हती. लोकांनी नाही नाही ते तर्क केले. तिला डॉक्टरांनी गहू बंद केला होता आणि फादरांना कसे सांगायचे या संकोचाने ती बाकावर बसून राहत होती. पवित्र मिस्सेतील भाकर गव्हाचीच असावी, ही ख्रिस्तसभेची शिस्त आहे. पूर्ण ग्लुटेनविरहित ऑस्ती त्यासाठी चालत नाही. परंतु 24 जुलै 2003 च्या पत्रात कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, यांनी स्पष्ट केले की अगदी कमी ग्लुटेनची ऑस्ती चालते आणि जिला तीही चालत नाही अशी व्यक्ती केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेऊ शकते. 2017 साली व्हॅटिकनने याची पुन्हा आठवण करून दिली. ख्रिस्त दोन्ही रूपांत पूर्णपणे उपस्थित आहे. कोणालाही अर्धा ख्रिस्त मिळत नाही. अशा व्यक्तीसाठी वेगळा चषक ठेवावा लागतो, कारण मुख्य चषकात ऑस्तीचा लहानसा तुकडा टाकलेला असतो. तुमच्यापैकी कोणाची अशी अडचण असेल तर मिस्सेआधी मला सांगा. संकोच करू नका. तुमच्यासाठी वेगळा चषक ठेवणे हे माझ्यावर ओझे नाही, ते माझे कर्तव्य आहे.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की भावाचे चुकले तर आधी एकांतात त्याच्याशी बोला. हा नियम इथेही लागू आहे. एखाद्या स्टॉलवर चूक दिसली तर चारचौघांत त्या भगिनीचा पाणउतारा करू नका. तिला बाजूला घेऊन सांगा. आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनीही गप्प राहू नये. पुन्हा पुन्हा विचारावे, कोणी हसले तरी विचारावे.

याच आठवड्यात आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करणार आहोत आणि त्यानिमित्त पुढच्या रविवारी आवारात स्टॉल लागतील. माझी विनंती साधी आहे. प्रत्येक पदार्थापुढे एक कागद ठेवा आणि त्यात दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, सोया, मासे, कोलंबी यांपैकी काय आहे ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. त्याच तेलात, त्याच भांड्यात आणखी काय केले तेही लिहा. प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा ठेवा. ज्याने पदार्थ केला, त्यानेच उत्तर द्यावे. आणि ठाऊक नसेल तर सरळ सांगावे, ‘‘मला माहीत नाही, विचारून सांगते.’’ मीही तसेच सांगेन. आता मी ते शिकलो आहे.

याईराच्या मुलीला प्रभू येशूने मरणातून उठवले, तेव्हा तिला काहीतरी खायला द्या, असे सांगायला तो विसरला नाही, हे संत मार्कने नोंदवून ठेवले आहे. जीव देणारा प्रभू ताटाचीही काळजी घेतो. त्याच्या नावाने दोघे-तिघे जमतात तिथे तो असतो; तो आपल्या मेजावरही असतो. त्या मेजावर बसलेले एकही लेकरू आपल्या निष्काळजीपणामुळे उठवून न्यावे लागू नये, ही आजची आपली प्रार्थना असू द्या.

प्रभू तुमच्या घरांना, तुमच्या चुलींना आणि रांधणाऱ्या हातांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
फादर