किंमत कुणाच्या अंगावर?

प्रश्न विचारणं हा आरोग्याच्या बाबतीत सध्याचा सगळ्यात स्वस्त सद्गुण झाला आहे. दरवर्षी 1 जुलैला, डॉक्टर दिनाच्या आगेमागे, व्याख्यानमालांत आणि पुरवण्यांत तोच परिसंवाद नव्याने रंगतो. एक बाजू म्हणते, रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास उडाला, तो परत आणला पाहिजे. दुसरी म्हणते, आंधळा विश्वास हाच खरा रोग. विचारा, तपासा, आपल्या शरीराचे मालक व्हा. टाळ्या दुसऱ्या बाजूला जास्त पडतात, कारण मालक व्हायला कुणाला आवडत नाही?

पहिल्या बाजूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विश्वास ठेवा असं सांगून तो बसत नसतो. ॲलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद हे भांडण मला दोन पाट्यांमधलं भांडण वाटतं. आणि वैद्यकाचा धंदा झाला ही तक्रार खरीच आहे. इतकी खरी, की ती करून झाली म्हणजे आपलं काम संपलं असं करणाऱ्याला वाटू लागतं.

मला छळतो तो मालकीचा दावा. माझं शरीर, माझा अनुभव, माझा निर्णय. यातला एकेक शब्द सुटा घेतला तर कुणीही मान्य करील. पण हे तिन्ही एका दमात म्हणणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. साठी ओलांडलेला, शिकलेला, वाचणारा, सकाळी टेकडीवर जाणारा, आणि रक्तदाबाची गोळी स्वतःच्या बुद्धीने बंद केलेला. का बंद केली? तर काही त्रासच होत नव्हता. आता त्रास न होणं हा तर वाढलेल्या रक्तदाबाचा स्वभावच आहे. तो वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, डोळ्यांचे पडदे खराब करत राहतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. गोळी घेतली तर पायांवर सूज येते, कोरडा खोकला लागतो, उभं राहताना गरगरतं. म्हणजे अनुभवाला येतो तो औषधाचा त्रास. औषधाचा फायदा हा, की एक गोष्ट घडली नाही. न झालेला पक्षाघात कुणाच्याच अनुभवाला येत नाही. मग अनुभवाला साक्षीदार केलं की निकाल गोळीच्या विरोधात जाणार, हे आधीच ठरलेलं.

हे सांगितलं की उत्तर येतं, "पण मला गुण आला ना!" आला असेल. दुखणं कळसाला पोचल्याशिवाय माणूस सहसा उपाय शोधत नाही, आणि कळसावर गेलेली बरीचशी दुखणी आपोआप खाली उतरतात. उतरताना हातात जो काढा असतो, गुण त्याच्या नावावर जमा होतो. पाठदुखी, सर्दी, ॲसिडिटी, अंगावर उठलेलं पित्त, सगळ्यांची हीच कथा. महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच जेवा सांगणाऱ्या दीक्षितांचे अनुयायी आहेत आणि दर दोन तासांनी खा सांगणाऱ्या दिवेकरांचेही. दोन्हीकडची मंडळी साखरेचे रिपोर्ट घेऊन तितक्याच उत्साहाने भेटतात. एकाला दुसऱ्याचा रिपोर्ट दाखवला तर तो म्हणतो, त्यांची प्रकृती वेगळी. बरं, आपला प्रयोग फसला असं कशावरून समजायचं, असं कधी या मंडळींना विचारून पाहा. याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलेलं नसतं. मोठमोठ्या संस्थांनी केलेल्या चाचण्यांवर शंका घेणारा माणूस स्वतःच्या चाचणीत एकच रुग्ण घेतो, तो रुग्णही स्वतः, परीक्षकही स्वतः, आणि निकाल दिवाणखान्यात जाहीर करतो. शंकाच घ्यायची तर ती इथे का थांबावी?

यावर त्याच्याकडे एक शेवटचं उत्तर उरतं, आणि ते सगळ्यात बळकट आहे. चुकलो तर मीच भोगीन ना, तुमचं काय जातं? उदारमतवादी माणूस इथे गप्प बसतो. मी बसू शकत नाही, कारण हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं.

गोळी बंद केलेल्या त्या गृहस्थांना पक्षाघात झाला तर पुढचं काय होतं, हे मध्यमवर्गीय घरांना सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते कोण करतं? बायको, सून, मुलगी, आणि ऐपत असेल तर ब्युरोकडून आलेली चोवीस तासांची बाई. नळीतून घातलेलं पातळ अन्न, डायपर, एअर बेडचा रात्रभर चालणारा पंप, बाईने सुट्टी घेतली की उडणारी तारांबळ. निर्णय एकाचा होता, किंमत चौघी फेडतात. आणि इतक्या टोकाला जायलाही नको. घरातल्या पुरुषाने गहू सोडला, साखर सोडली, तेल सोडलं की त्याच्यासाठी नाचणीची भाकरी वेगळी थापली जाते आणि भाजी वेगळी काढली जाते. तत्त्व त्याचं, तवा दुसरीचा. (तत्त्वनिष्ठ माणसांची चरित्रं वाचताना मी आता त्या घरात स्वयंपाक कोण करत होतं ते शोधतो. बहुतेक चरित्रकारांना ते सांगावंसं वाटलेलं नाही.)

म्हणून अधिकाराला प्रश्न विचारावा की नाही, हा वाद मला पोकळ वाटतो. विचारावाच. मुद्दा आहे तो प्रश्न विचारणारा चुकला तर किंमत कुणाच्या अंगावर पडते याचा. काही प्रश्न आपण आपल्या अंगावर घेतो, काही दुसऱ्याच्या अंगावर सोडतो. दिसायला दोन्ही सारखेच धीट.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण गांधी आहेत, आणि त्यांच्याबद्दलची नेहमीची चर्चाही उथळच आहे. 1909 साली ‘हिंद स्वराज्य’ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर कडक टीका केली आणि 1924 साली त्याच गांधींनी पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जनकडून अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे ते ढोंगी, असा एक सोपा हिशेब मांडला जातो. मला त्यात ढोंग दिसत नाही. येरवड्याच्या कैद्याला 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी टेबलावर घेतलं. त्याआधी नेमस्त नेते श्रीनिवास शास्त्रींच्या समक्ष संमतीचं निवेदन तयार झालं. गांधींनी ते ऐकलं आणि पेन्सिलीने सही केली. हात इतका थरथरत होता, की इंग्रजी सहीतल्या शेवटच्या ‘आय’ वर टिंब द्यायचं राहून गेलं, हे शास्त्रींनी टिपून ठेवलं आहे. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. शरीर त्यांचं, सही त्यांची, मरण आलं असतं तर तेही त्यांचं. आपलंच तत्त्व मोडायचा हक्क माणसाला असतो, फक्त मोडताना सही आपली हवी.

मला अडतं ते त्याच्या बावीस वर्षं आधी, गिरगावात. गांधींचा मुलगा मणिलाल दहा वर्षांचा होता. विषमज्वर, त्यात न्यूमोनिया, रात्री वातात बडबड. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधींनी नकार दिला आणि जलोपचार सुरू केले. नाडी आणि छाती तपासायला मात्र येत राहा, अशी विनंती डॉक्टरांना केली. ताप उतरेना. एका रात्री त्यांनी मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, वरून घोंगड्या घातल्या, आईला जवळ बसवलं आणि स्वतः चौपाटीवर फिरायला निघून गेले. परत आले तेव्हा मुलाला घाम फुटला होता. तो वाचला.

आत्मकथेत हे सगळं गांधींनी स्वतःच सांगितलं आहे, आणि तिथे त्यांचा प्रामाणिकपणा असा, की मूल देवाच्या कृपेने वाचलं, पाण्याने की शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असंही ते म्हणतात. आपल्याकडच्या गुण आलेल्या मंडळींनी एवढं शिकलं तरी पुष्कळ. आपले हट्ट मुलांवर लादायचा आईबापांना काय अधिकार, हा प्रश्नही त्या रात्री त्यांना पडला होता. इथवर ते माझ्या बाजूचे आहेत. पण त्यांनी स्वतःला जे उत्तर दिलं ते मला पटत नाही. त्या स्थितीत मी स्वतःला जो उपचार केला असता तोच मुलाला करतो आहे, या विचाराने त्यांनी मनाला धीर दिला.

वरवर पाहता हे उत्तर उदात्त आहे. स्वतःला एक न्याय आणि मुलाला दुसरा, असा दुजाभाव त्यात नाही. पण चूक नेमकी तिथेच आहे. स्वतःवर जो धोका पत्करायची मला मुभा आहे, तो दुसऱ्यावर घालायची मुभा मला त्यामुळे मिळत नाही. उलट तिथे माझ्या तत्त्वाला जास्त पुरावा द्यावा लागतो, कारण त्या दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. मणिलाल वयाने मोठा असता तर त्याचं मत विचारलं असतं, असं गांधी डॉक्टरांना म्हणाले होते. म्हणजे भेद त्यांना दिसत होता. संपत्तीच्या बाबतीत धनिकाने मालक न होता विश्वस्त व्हावं, असं पुढे जन्मभर सांगणाऱ्या माणसाने तो न्याय मुलाच्या देहाला लावला नाही.

1944 सालचा आगाखान पॅलेसमधला प्रसंग मी यात मुद्दाम ओढत नाही. कस्तुरबांसाठी मागवलेलं पेनिसिलिन टोचू नये असं गांधींचं मत पडलं, मुलगा देवदास यांचा आग्रह वेगळा होता. पण आजार शेवटच्या टप्प्यावर होता, डॉक्टरही साशंक होते, आणि त्यावरून आज जी कुचाळकी चालते ती मरणाऱ्या बाईपेक्षा कुचाळक्यांच्याच समाधानासाठी असते. एवढंच विचारतो, की 1924 ची ती पेन्सिल 1944 साली कुणाच्या हातात होती?

याच्या उलट र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला, प्राध्यापकी गेली, खटले झाले, दंड भरले; 1927 साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ 1953 साली मरेपर्यंत चालवलं. धर्म, सरकार, शेजारीपाजारी, कुणाला प्रश्न विचारायचं त्यांनी सोडलं नाही, आणि त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेतली. प्लेगच्या लशीबद्दल लोकांना शंका होती तेव्हा ती तयार करणाऱ्या हाफकिन यांनी ती 1897 च्या जानेवारीत मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली. अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या माणसालाही हाच न्याय.

आता लशीला नकार देणारे पालक घ्या. ते स्वतःला चिकित्सक म्हणवतात. त्यांचं स्वतःचं लसीकरण बहुधा त्यांच्या आईबापांनी लहानपणीच उरकलेलं असतं. गोवर इतका झपाट्याने पसरतो, की तो रोखायला शंभरातल्या पंचाण्णव जणांना प्रतिकारशक्ती असावी लागते. आणि नऊ महिने पुरे होण्याआधी बाळाला ही लस सहसा देत नाहीत. तोवर ते बाळ बिल्डिंगमधल्या मोठ्या मुलांच्या भरवशावर असतं. तेव्हा नकाराची किंमत पडते ती आधी आपल्या मुलावर, मग खालच्या मजल्यावरच्या पाळण्यात. या नकाराला धैर्य म्हणायला माझी जीभ वळत नाही.

यातून डॉक्टरांची बाजू बळकट झाली असं कुणाला वाटत असेल तर घाई होते आहे. हीच फूटपट्टी त्यांना लावली तर ती जास्त लागते, कारण डॉक्टरच्या चुकीची किंमत जवळजवळ नेहमीच दुसऱ्याच्या देहावर पडते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने 2019 मध्ये केली. सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, पुष्कळ जणींची ऐन तरुण वयात. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं म्हणून खासगी दवाखान्यात गेलेल्या बायकांना पिशवीला कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली, असं त्यातल्या अनेकींनी सांगितलं. इथे प्रश्न विचारायला हवा होता, हे परिसंवादातले वक्तेही मान्य करतील. पण तो तिने विचारायचा कसा? नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही. दिवस बुडाला की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. फडात ना न्हाणीघर, ना पाणी. पाळी म्हणजे खाडा, दुखणं म्हणजे खाडा. पिशवी काढून टाकली की कटकट मिटली, हा तिचा निर्णय होता असंही कुणी म्हणेल, कागदावर अंगठाही असेल. ससूनमधल्या त्या सहीत आणि या अंगठ्यात फरक हा, की तिथे नाही म्हणता आलं असतं.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क दिला आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये नियम बदलून रुग्णालयांना रुग्णहक्कांचा आणि दरांचा फलक लावायला सांगितलं. चांगलं झालं. पण दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तालुक्याला जायचं, म्हणजे कोयत्याचा आणखी एक दिवस बुडाला. त्या खाड्याचे पैसे कुणी भरायचे, यासाठी सनदेत कलम नाही.