कर्त्याचा अधिकार

स्वतःच्या हातांनी विमान बांधून त्यात बसू इच्छिणाऱ्या हौशी मंडळींसाठी पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे जी संस्था स्थापिली, आणि जिचे दप्तर आरंभी त्यांच्या घराच्या तळघरात असे, ती ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ आपल्या मूळ धर्मापासून ढळली आहे, अशी तक्रार तिचेच जुने सभासद कित्येक वर्षे करीत आले आहेत. तक्रार अगदीच निराधार नाही. १९७० पासून ऑशकॉश येथे भरू लागलेल्या वार्षिक मेळाव्यात आज जुनी लढाऊ विमाने, जेट, कंपन्यांची प्रदर्शने आणि लाखोंची गर्दी असते. धावपट्टीलगत बड्या पाहुण्यांसाठी खास मंडप उभारले गेले तेव्हा तर सभासद चांगलेच खवळले.

परंतु गर्दीने धर्म बुडतो हे मला पटत नाही. तसे असते तर एकही यात्रा शिल्लक राहिली नसती. पाहावयाचे ते हे, की मूळ धर्म कशात होता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोक पाडावे, त्याची खरखरीत कड साफ करावी, एकाने बाहेरून रिव्हेटच्या माथ्यावर गन धरावी, दुसऱ्याने आत हात घालून शेपटाशी पोलादी ठोकळा दाबावा, आणि तिरपा बसलेला रिव्हेट निमूटपणे ड्रिलने काढून पुन्हा बसवावा: अशा सहस्रावधी क्रियांतून जे विमान होते, त्याचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी घडविलेला असावा, असा तेथील कायदा आहे. त्याहून विलक्षण तरतूद पुढेच आहे. त्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याची सनद मुख्य कर्त्याला मिळू शकते; तो विमान विकू शकतो, मात्र ती सनद खरेदीखताबरोबर दुसऱ्याच्या नावे होत नाही. गीतेतील कर्मविचार त्या कायदेपंडितांच्या स्वप्नातही नसेल. तथापि फळ विकाऊ आणि कर्मातून आलेला अधिकार अविक्रेय, हा भेद त्यांनी सरकारी भाषेत नेमका नोंदविला आहे.

या कसोटीवर, कारखान्यातून भोके पाडून आलेले सुटे भाग जोडणारा मला पतित वाटत नाही. पत्रा कोणी कापला यापेक्षा जोडणीतला दोष कोणाला ओळखता येतो, हे महत्त्वाचे. पतन आहे ते पैसे मोजून दुसऱ्याकडून काम करवून नोंदवहीत स्वतःचे नाव घालणाऱ्याचे. संस्थेचा दोष असेल तर तो लढाऊ विमानांना जागा दिल्याचा नव्हे. प्रेक्षकाची सरबराई करता करता कर्त्याकडे पाठ फिरली असेल, तर तो. नवख्याच्या हाती रिव्हेट गन देणारे मांडव त्या मेळाव्यात असतात. त्यांना जागा कोठे नेमली जाते आणि तेथे शिकविणारे किती आहेत याची चौकशी तक्रारदारांनी आधी करावी, जेटांची गणती मागाहून.