बालकांस कोणी आडविले?

वाचावयाचा भाग : मार्क 10:13-16



लोकांनी आपली बालके प्रभूकडे आणिली, तेव्हा ती कोणी आडविली? परूश्यांनी नव्हे, हेरोदाच्या शिपायांनीही नव्हे, तर खुद्द शिष्यांनी. प्रभूस श्रम होऊ नयेत असा त्यांचा हेतू चांगलाच असेल. तथापि प्रभूस राग आला. हा राग परक्यांवर नसून घरच्यांवर होता, हे आम्ही पाळकांनी व उपदेशकांनी विसरू नये.

आमच्या एका मंडळीत एक बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन उपासनेस येत असे. त्याच्या बुद्धीची वाढ सावकाश होती. तो मध्येच उठे, मोठ्याने हसे, टाळ्या वाजवी. एका रविवारी आम्ही तिला हळूच म्हटले, "बाई, तुम्ही त्याला घेऊन ओसरीवर बसा, म्हणजे त्यालाही मोकळे वाटेल." ती ओसरीवर बसली. पुढच्या रविवारी ओसरीही रिकामी होती.

महिन्याने आम्ही तिच्या घरी गेलो. अंगणात मुलगा बहिणीबरोबर चिंध्यांचा चेंडू खेळत होता. बाई म्हणाली, "पाळकसाहेब, गल्लीतली पोरं ह्याला खेळायला घेत नाहीत, देवळात ह्याची अडचण होते. आता ह्याला न्यावं तरी कुठं?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

कोणी म्हणतात, हे आईबापांच्या पापाचे फळ. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाविषयी हाच प्रश्न केला, आणि प्रभूने तो तर्क साफ नाकारिला. कोणाच्या शरीरात जन्मतःच एक गुणसूत्र अधिक असते. कोणास जन्मसमयी प्राणवायू कमी पडतो. कोणाच्या आईस गरोदरपणी आयोडीन पुरेसे मिळालेले नसते. पुष्कळदा कारण कळतही नाही. हे वेड नव्हे, व स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे. असे मूल शिकते, परंतु सावकाश शिकते.

अशा मुलांस खेळ कशाला, असेही कोणी विचारील. अमेरिकेतही पूर्वी पुष्कळांस असेच वाटे. तेथील युनीस केनेडी श्रायव्हर ह्या बाईंची सख्खी बहीण अशा अक्षमतेची होती. 1962 साली बाईंनी मेरीलँड प्रांतातील आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांकरिता उन्हाळी खेळांचे शिबीर भरविले. पुढे 1968 च्या जुलैत शिकागो शहरी सुमारे 1,000 खेळाडूंचे सामने झाले, आणि स्पेशल ऑलिंपिक्स ही चळवळ उभी राहिली. आज तिची शाखा भारतातही आहे. तिच्या स्पर्धांत आठव्या वर्षापासून भाग घेता येतो. त्याहून लहानांकरिता, म्हणजे दोन ते सात वर्षांच्या मुलांकरिता, निराळा क्रम आहे. त्यात चालणे, धावणे, तोल सांभाळणे, उडी मारणे, चेंडू फेकणे, झेलणे व लाथाडणे एवढेच शिकवितात. आणि इतर मुलेही त्यांच्याबरोबर खेळतात.

ह्यास पैसा किती लागतो? देवळाचे अंगण, एक दोर, एक चेंडू व आठवड्यातून एक तास. दोर जमिनीवर सरळ पसरावा व मुलांनी त्यावरून चालावे. तोंडाने थोडे सांगावे, करून अधिक दाखवावे. खेळांचा क्रम दर वेळी तोच ठेवावा, म्हणजे मूल गोंधळत नाही. कोणास ओढू नये, कोणास हसू नये. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी : ज्यांस डाउन सिंड्रोम आहे अशा काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून डॉक्टरांस विचारल्यावाचून कोलांट्या मारू देऊ नयेत. कोणास फिट येत असल्यास ते घरच्यांकडून आधीच विचारून घ्यावे.

जखऱ्या संदेष्ट्याने आठव्या अध्यायात पुनःस्थापित यरुशलेमेचे चित्र रेखाटिले आहे. त्यात काठी टेकणारे वृद्ध आहेत, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. देवाच्या नगरात खेळास जागा आहे, आणि आमच्या देवळाच्या अंगणात नसावी काय?

आता आमच्या येथे दर शनिवारी सायंकाळी अशी चार मुले येतात, व शब्बाथशाळेची मुले त्यांच्यात मिसळतात. त्या मुलास दोरावरून शेवटपर्यंत चालावयास अकरा आठवडे लागले. ज्या दिवशी तो पोहोंचला, त्या दिवशी टाळ्या त्याने नव्हे, इतरांनी वाजविल्या.

त्याची आई रविवारीही पुन्हा येऊ लागली आहे. परंतु आम्ही कितीदा बोलाविले तरी ती अजून ओसरीवरच बसते. आमचा एक शब्द तिला बाहेर घालविण्यास पुरला. तिला आत आणावयास किती शब्द लागतील, हे प्रभूच जाणे. बंधूंनो, तुमच्या ओसरीवर कोण बसले आहे, हे येत्या रविवारी पाहा. प्रभूने बालकांस कवेत घेण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतली नाही. आम्ही ती घेऊ नये, एवढी कृपा तो आम्हांस देवो. आमेन.